ऑक्टेनचा भ्रम

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा मराठी बोलणारा, संत्र्यांच्या बागांचा मुलूख. हंगामात तेथील माल नागपूरच्या बाजाराकडे निघतो, आणि वाहतूकदाराच्या कमाईचा हिशेब अखेर इंधनापाशी येऊन अडतो. अशा वेळी पंपावर चढ्या भावाचे, वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल भरले तर आपला छोटा टेम्पो लिटरमागे अधिक धावेल, असे त्यास वाटले तर आम्हांस नवल वाटत नाही.

समजूत मात्र चुकीची आहे. ऑक्टेनचा अंक पेट्रोलची ताकद सांगत नाही. दाबाखाली आपोआप पेटून इंजिनास ठोके न देण्याची त्याची सहनशीलता सांगतो. अधिक दाबाच्या इंजिनास ती हवीच. साध्या इंजिनात तिचे काही चीज होत नाही. मोठे ट्रक तर बहुतेक डिझेलचे. डिझेलने दाबानेच पेटावयाचे असते, सबब तेथे मोजमाप सीटेनचे, ऑक्टेनचे नव्हेच!

इथेनॉलचा दाखला याहून बोलका आहे. वीस टक्के मिश्रणाने पेट्रोलचा ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेला. परंतु इथेनॉलच्या लिटरात उष्णता पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांशाने कमी. जुन्या धाटणीच्या चारचाकींची इंधनक्षमता त्यामुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते. अंक चढला, पल्ला उतरला!

कोणत्या इंजिनास कोणते पेट्रोल, हे तेल कंपन्यांनी पंपावर ठळक अक्षरांत, पांढुर्ण्यास तर मराठीतही, लिहावे. तोवर टेम्पोवाल्याने गाडीच्या माहितीपुस्तकातील अंक पाळावा आणि चाकांतील हवा तपासावी.