लिव्हरपर्यंत गेलाय म्हणजे सगळं संपलं का?



"डॉक्टर, लिव्हरपर्यंत गेलाय म्हणतात. आता कशाला त्यांचे हाल करायचे? घरीच ठेवतो."

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट घेऊन आलेले नातेवाईक असं बोलतात, तेव्हा त्यामागे माया असते आणि खर्चाची धास्तीही असते. तरीही माझं मत स्पष्ट आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधली एक ओळ वाचून हा निर्णय घेऊ नका. या कॅन्सरचं गणित जरा वेगळं आहे.

गाठ लिव्हरमध्येच का जाते?

मोठ्या आतड्यातून निघालेलं बहुतेक रक्त आधी पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं आणि मग हृदयाकडे. पाटाच्या पाण्याबरोबर तणाचं बी वाहत येतं आणि पहिल्या लागलेल्या वावरात उगवतं, तसंच हे. पण बी नुसतं पडून भागत नाही, त्याला जमीनही मानवावी लागते. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरबद्दल हेच सांगितलं होतं. आतड्यातून आलेल्या पेशींना लिव्हरची जमीन मानवते.

यातूनच आशेची एक गोष्ट निघते. बऱ्याच रुग्णांत काही काळ तरी आजार आतडं आणि लिव्हर एवढ्यापुरताच असतो. लिव्हरचा काही भाग काढला तरी उरलेलं निरोगी लिव्हर वाढून ती जागा भरून काढतं. म्हणून निवडक रुग्णांत लिव्हरमधल्या गाठी ऑपरेशनने काढता येतात. अशा ऑपरेशननंतर शंभरातले साधारण चाळीस जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही, हेही खरं. पण आज न होणारं ऑपरेशन काही महिन्यांच्या केमोने गाठी लहान झाल्यावर शक्य होऊ शकतं.

पेशी बिघडते कशी, आणि ते कळून फायदा काय?

बहुतेक वेळा आधी आतड्याच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे छोटी मांसल गाठ येते. तिचा कॅन्सर व्हायला अनेकदा दहा-एक वर्षं लागतात. या काळात पेशीतली जनुकं एकेक करून बिघडतात. एपीसी हे जनुक वाढीला ब्रेक लावतं, तो ब्रेक तुटतो. रास हे जनुक वाढीचा हुकूम पुढे पोचवतं, ते कायमचं चालू राहतं. पी-५३ हा राखणदारही पुढे निकामी होतो.

औषध निवडताना हे कामाला येतं. सेटुक्सिमॅब हे औषध पेशीच्या बाहेरचा स्टार्टर बंद करतं. पण रास बिघडलेलं असेल, तर मोटर आधीच डायरेक्ट जोडलेली असते. मग स्टार्टर बंद करून मोटर थांबत नाही. शंभरातल्या चाळीसेक रुग्णांत केआरएएस बिघडलेलं असतं, त्यांच्यात या औषधावरचा खर्च वाया जातो. उलट, थोड्या रुग्णांत एमएसआय नावाची तपासणी "हाय" येते. त्यांच्यात इम्युनोथेरपी खूप चांगली लागू पडू शकते.

म्हणून घरी न्यायचं ठरवण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा:

- आजार फक्त लिव्हरमध्ये आहे की आणखी कुठे?
- लिव्हरच्या सर्जनने स्कॅन पाहिला आहे का?
- तुकड्यावर रास, बी-राफ आणि एमएसआय या तपासण्या झाल्या का?
- उपचारांचा उद्देश काय, बरं करणं की आजार आटोक्यात ठेवणं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुम्ही घरी न्यायचं ठरवलंत, तर तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असेल. त्याचा मी मान राखीन. तेव्हाही वेदना कमी करण्याचे उपचार मात्र सोडू नका.

जायचं कुठे?

लासूर स्टेशनहून संभाजीनगर रेल्वेने जवळ आहे. तिथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथून गरज पडल्यास मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा सल्ला घेता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची अनेक ऑपरेशनं आणि केमो बसतात. आधार आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. जमीन विकायचा विचार त्यानंतर करा.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून

संडासवाटे रक्त म्हणजे मूळव्याध, हे आपण गृहीत धरतो. मग महिनोन्‌महिने पुड्या, मलम, "हमखास इलाज" चालू राहतो. मूळव्याध असतेही, पण तिच्याआड कॅन्सरही लपू शकतो. सरकारी कॅन्सर तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. त्यामुळे इथे लक्ष आपल्यालाच ठेवावं लागेल.

रक्त वारंवार जात असेल, संडासची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन उतरत असेल, किंवा पुरुषाचं अथवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय कमी असेल, तर डॉक्टरांना बोटाने तपासू द्या. त्यांनी सांगितल्यास दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करून घ्या. वय तरुण आहे म्हणून टाळू नका. घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही विचारा. दुर्बिणीत पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तिथेच काढता येतो आणि पुढचा कॅन्सर टळतो.

लाज वाटते, हे मला कळतं. पण ही तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची असते. तेवढ्या लाजेपायी वर्ष घालवू नका.