छप्पर उडाले, दावा फेटाळला. आता गप्प बसायचे काय?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागात घरांची कौले आणि पत्रे उडाले. तलाठ्याचे पंचनामे झाले, सरकारी मदत आली. पण सरकारी मदत वेगळी आणि विम्याचा पैसा वेगळा. विम्याचा पैसा आपण हप्ता भरून घेतलेला हक्क आहे. विमा जायज की नाजायज हे उलेमांनी सांगावे, तो आमचा अधिकार नाही. मात्र ज्याने हप्ता भरला, त्याने नकाराचे एक पत्र येताच हक्क सोडावा, हे आम्हाला पटत नाही.

छपराच्या दाव्यावर कंपनीचे ठरीव उत्तर असते: पत्रे जुने, वासे कुजलेले, नुकसान वादळाचे नसून झिजेचे. झिजेची भरपाई मिळत नाही, हे खरे. पण जुने छप्पर म्हणजे निकामी छप्पर नव्हे. दहा पावसाळे टिकलेले छप्पर त्या एका दिवशीच कसे उडाले, हे कंपनीला लेखी विचारा. कोणत्या अटीखाली दावा नाकारला तेही विचारा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. सोबत पंचनाम्याची नक्कल, फोटो, शेजाऱ्यांच्या पडझडीची माहिती आणि सुताराचे बिल जोडा. तोंडी भांडून काही होत नाही. पोच घेतलेला कागदच कामी येतो.

कळवायला उशीर झाला, एवढ्यावरून डोळे झाकून दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. रस्ते बंद होते, वीज नव्हती, फोन लागत नव्हता, हे कारण स्पष्ट लिहा.

कंपनीने महिन्याभरात दाद दिली नाही किंवा पुन्हा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. मुदत मात्र एक वर्षाची. ग्राहक आयोगात दोन वर्षे मिळतात, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. ‘निसर्ग’च्या वेळी नकाराचे पत्र ट्रंकेत ठेवून जे स्वस्थ बसले, त्यांची वेळ केव्हाच निघून गेली.

आमच्या कारागीर बांधवांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पडवीत शिलाईची यंत्रे किंवा सुतारकामाचा ठिय्या असतो, आणि पॉलिसी मात्र राहत्या घराची. कंपनीला नकाराला आयतेच कारण मिळते. १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा दोन वेगळ्या पॉलिसी आहेत. एजंट म्हणेल, “लिहायची गरज नाही, चालते.” त्याचे ऐकू नका. घरात धंदा चालत असेल तर फॉर्मवर तसे लिहा आणि त्या फॉर्मची प्रत आपल्याजवळ ठेवा.