पंच व्हायचं म्हणणारं पोरगं

"मोठेपणी मी कोण होणार?" हा निबंध आपण सगळेच देतो. डॉक्टर, कलेक्टर, क्रिकेटपटू, ठरलेली उत्तरं. यंदा सातवीतल्या एका पोरानं लिहिलं, "मी अंपायर होणार." वर्ग हसला. खरं सांगतो, मीही हसलो. पोरगं खाली मान घालून बसलं, ते मला अजून डाचतंय.

पालकहो, ठाण्याचे पिलू रिपोर्टर आपल्या महाराष्ट्राच्या वीज मंडळात नोकरी करायचे. त्या काळी यजमान देशाचेच पंच असत, आणि निकाल लागला की पक्षपाताची ओरड. १९८६ साली पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीसाठी लाहोरला त्यांना आणि व्ही. के. रामस्वामींना बोलावलं. विचार करा, भारताचे दोन पंच पाकिस्तानात, पाकिस्तानच्याच सामन्यात! पुढे १९९४ पासून कसोटीत एक तटस्थ पंच आला, २००२ पासून दोन्ही. वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या. २०२३ मध्ये रणजी सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिला पंचांपैकी त्या एक.

म्हणजे वाट आहे. आपल्याकडं विदर्भ क्रिकेट असोसिएशन नागपूरला आहे. राज्य संघटनेची परीक्षा, मग बीसीसीआयची: लेखी, तोंडी, प्रत्यक्ष मैदानावर. कबड्डी, खो-खो, सॉफ्टबॉल, बेसबॉल, प्रत्येक खेळाला पंच लागतोच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. तिथली परंपरा असलेल्या आपल्या वऱ्हाडात पंचाचं काम हलकं कसं झालं?

ते आपणच केलं. तालुक्याच्या स्पर्धेत पाहा. बाद दिलं की सीमारेषेवरून आधी ओरडतो तो आपल्यातलाच एखादा सर: "काऊन बे, डोळे आहेत का?" मग पालक, मग पोट्टे. आणि पंच कोण? बहुतेकदा दुसऱ्या शाळेचे क्रीडाशिक्षक, दिवसभर उन्हात. खेळाडूला क्रीडा गुण मिळतात, नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. पंचाला? गेल्या वर्षी मी एका सामन्यात चुकीचा निर्णय दिला. रात्री झोप आली नाही. त्या पोराच्या निबंधातही हेच होतं: "चुकलं तर वाईट वाटेल, पण कोणीतरी उभं राहिलं पाहिजे."

येत्या शनिवारी शाळेच्या मैदानावर सामना आहे. शिट्टी त्याच्याकडं देणार आहे. पाहायला या, फक्त त्याच्यावर ओरडू नका.