कोबी कशाला, आगळ आहे ना!

सुट्टीतल्या विज्ञान शिबिरात आम्ल-आम्लारीचा प्रयोग निघाला की हमखास लाल कोबी किसला जातो. प्रयोग उत्तमच, पण पनवेलच्या किती घरांत लाल कोबी नेहमी येतो? आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली मात्र कोकणी स्वयंपाकघरात असतेच. कोबीला जांभळा करणारी अँथोसायनिन वर्गातली रंगद्रव्ये कोकमाच्या सालीतही असतात. रॉबर्ट बॉइलने रंगांविषयीचे आपले प्रयोग १६६४ साली पुस्तकरूपाने मांडले, त्यात व्हायोलेटच्या फुलांचा पाक होता. आम्लाने तो तांबडा होई, आम्लारीने हिरवा. बॉइलने त्याच्या मुलखातले फूल घेतले. पनवेलच्या मुलांनी आगळ, जास्वंद, गोकर्ण घ्यावे.

चमचाभर आगळ पेलाभर पाण्यात ढवळायचे आणि चिमूटचिमूट खाण्याचा सोडा घालत जायचे. पहिल्या चिमटीला नुसती फसफस होते, रंग लालच राहतो. मुलांचा इथे हिरमोड होतो आणि मोठी माणसे घाईने चमचाभर सोडा ओतून मोकळी होतात. तीच चूक. कोकम मुळात आंबट असल्याने त्यातले आम्ल आधी सोड्याला संपवते. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. आम्ल सरत आले की मगच लाल रंग जांभळ्याकडे आणि पुढे निळसर-करड्याकडे झुकतो. किती चिमट्या लागतील याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा, मग मोजावे, आगळ दुप्पट घेऊन पुन्हा मोजावे. कोबीचा रस फारसा आंबट नसल्याने त्यात ही वाट पाहावी लागत नाही, आणि म्हणूनच शिकवण्यासाठी आगळ सरस आहे.

लिंबू पिळले की लाल रंग परततो. पण धुण्याचा सोडा घालून पेला बराच वेळ तसाच ठेवला, तर रंगद्रव्यच मोडते आणि कितीही लिंबू पिळले तरी पहिली लाली येत नाही.

हळदीची तऱ्हा निराळी. तिच्यातले कुरकुमिन साध्या पाण्यात पिवळे आणि लिंबाच्या रसातही पिवळेच, त्यामुळे आंबट ओळखायला ती निरुपयोगी. पापडखार लागला की मात्र लालबुंद! वरणाच्या डागाला साबण लावल्यावर तो तांबडा होतो, ते यामुळेच. हळद आणि चुना एकत्र करून ‘रक्त’ काढणाऱ्या भोंदूंनी याच रसायनाच्या जोरावर लोकांना घाबरवले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तो प्रयोग शाळांतून करून दाखवतात, हे मोलाचे काम आहे. मात्र व्यासपीठावरचा प्रयोग मुले पाहतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पापडखाराची चिमूट स्वतःच्या बोटांत आल्याशिवाय भीती पुरती जात नाही.

पनवेलकरांना रंगाची आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. एका कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर बसला होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. तो रंग लागलेला होता, बदललेला नव्हता. हा फरक कसा ओळखायचा, असे सहावी-सातवीच्या मुलांना विचारून पाहावे. लिंबू पिळून बघू, पाण्याने धुऊन बघू, अशी उत्तरे यायला लागली की विज्ञानाचा तास खरा सुरू झाला.

हळदीचा पातळ लेप टिपकागदावर देऊन, वाळवून पट्ट्या कापाव्यात. अंगाचा साबण, शाम्पू, कपडे धुण्याची पावडर, नळाचे पाणी, सगळे तपासावे. साबणाच्या वडीने पट्टी लाल होते, शाम्पूने बहुधा होत नाही. का, ते मुलांनी शोधावे. कुणी कासाडी नदीचे पाणीही तपासायचे म्हणेल. तिथे मोठ्यांनी स्पष्ट सांगायला हवे, की पट्टी पिवळी राहिली म्हणजे पाणी स्वच्छ ठरत नाही. पाण्यातले जड धातू किंवा प्राणवायूची कमतरता हळदीला कळत नाही.

पानाचा चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये. तो डोळ्यात उडाला तर दृष्टीला गंभीर इजा होऊ शकते. घरातला पापडखार या प्रयोगाला पुरतो.