डोरीचा गोठा

आमच्या ग्रुपमधला एक प्राणी मूळचा चारठाण्याचा. जिंतूर तालुक्यातलं, जुन्या हेमाडपंती देवळांचं हे गाव. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. आता हा पुण्यात आयटीत आहे आणि याच्या हॉलमध्ये समुद्र आहे! आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम सॉल्ट मिक्स कालवून केलेला.

यंदा त्याने ब्लू टँग आणला. म्हणजे २००३ च्या 'फाइंडिंग निमो'मधली डोरी. दिसायला सॉलिड, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला, म्हणजे 'इक'ला, चटकन बळी पडणारा. म्हणून नवा मासा आधी वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये. बरेच जण हा खर्च वाचवतात आणि मग अख्खा टँक गमावतात. मला तर याचा रागच येतो. हे मासे बहुतेक थेट समुद्रातून पकडून आणलेले असतात, हो!

ठिपके आलेच. हा जंतू काही दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून तळाशी गाठ करून बसतो. गाठीला औषध लागत नाही. ती फुटून पिल्लं पोहायला लागली की तांबं त्यांना मारतं. त्यामुळे महिनाभर पाण्यात तांबं, रोज टेस्ट किट. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर मासाच जायचा. मुख्य टँकमध्ये तांबं चालतच नाही, कोळंबी आणि पोवळी मरतात.

गावाकडे अण्णांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "निस्तं बैलाच्या अंगावरचं गोचीड काढून काय होतंय? आधी गोठा बघ." परजीवीचा अख्खा फंडा एका वाक्यात!

ठिपके गेले. पण मासा दगडावर अंग घासायचा काही थांबेना. एक डोळा धुरकट, श्वास जोरात. आमचा गडी जाम टेन्शनमध्ये, ऑफिसातसुद्धा मोबाइलवर माशाचे व्हिडिओ. तांब्याला दाद न देणारं काय असेल? फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. ते पारदर्शक असतात, त्यामुळे माशाच्या अंगावर दिसतच नाहीत.

मग गोड्या पाण्याची आंघोळ. आरओच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकून पीएच जुळवला, तापमान जुळवलं, हवा सोडली आणि मासा ५ मिनिटं आत. मी शेजारी घड्याळ घेऊन. तो आडवा झाला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. पण दुसऱ्याच मिनिटाला बादलीच्या तळाशी तिळाएवढ्या पांढऱ्या चकत्या पडायला लागल्या. गोड्या पाण्यात फ्लूक पांढरे पडून सुटतात.

तरी काम संपत नाही. त्यांच्या अंड्यांना चिकट धागे असतात. ती जाळीला, पाइपला अडकून राहतात, आणि औषधाने मरत नाहीत. म्हणून प्राझिक्वांटेल, माणसांच्या जंतांवरही देतात तेच, लिटरला अडीच मिलिग्रॅम. अंडी फुटल्यावर, पण पिल्लं मोठी होऊन नवी अंडी घालायच्या आत, म्हणजे साधारण आठवड्याने, दुसरा डोस. हा आठवडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा डोस परवा पडला. डोळा निवळतोय, मासा समुद्री शेवाळ खातोय. जाळी, बादली, पाइप सगळं गॅलरीत उन्हात वाळतंय, आणि अण्णांचा रोज सकाळी फोन: "खाल्लं का रे त्यानं?"