गुग्गुळ, मेदोरोग आणि कोलेस्टेरॉलचा आकडा

अलीकडे रुग्ण लक्षणे सांगण्यापूर्वी लिपिड प्रोफाइलचा कागद पुढे ठेवतो. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावी, पाळीवर काम करणारे कर्मचारी असोत वा व्यापारी, हा अनुभव नित्याचा झाला आहे. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी बंद करून गुग्गुळ घेतला तर चालेल का?’ आपल्यापैकी अनेक जण सहज होकार देतात. तो होकार कितपत साधार आहे याचा विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुग्गुळाचा आधुनिक संशोधनातील प्रवेश आपल्या ग्रंथांमुळेच झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले व 1966 मध्ये प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने ‘गुगुलिपिड’ हा प्रमाणित अर्क सिद्ध केला. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 61 रुग्णांवरील भारतीय चाचणीत 24 आठवड्यांनी एलडीएल सुमारे 12.5 टक्क्यांनी घटले. याउलट 2003 साली अमेरिकेत 103 व्यक्तींवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनी ते चार ते पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

पहिला निष्कर्ष मिरवावा आणि दुसऱ्याविषयी मौन पाळावे, ही शास्त्राची रीत नव्हे. भारतीय चाचणीतील रुग्णांना फळे व भाज्यांचा आहार नेमून दिलेला होता. अमेरिकेतील सहभागी नेहमीच्याच आहारावर होते. हा भेद वैद्याला विचारात पाडणारा आहे. सुश्रुतांनीही एकटा गुग्गुळ सांगितलेला नाही. शिलाजतु, त्रिफळा, यव, मुद्ग, कोद्रव आणि व्यायाम यांच्या सोबतीने तो येतो. शिवाय नवा गुग्गुळ बृंहण व जुना लेखन, हा भेद भावप्रकाशात स्पष्ट आहे. कॅप्सूलच्या वेष्टनावर यातले काय कळते? आपण एक द्रव्य उचलले, त्याचा अर्क काढला आणि मेदोरोगाऐवजी एका आकड्याशी त्याची गाठ घातली.

यात रुग्णाचा जीव गुंतलेला आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णात स्टॅटिनमुळे पुन्हा झटका येण्याचा धोका घटतो, हे मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. गुग्गुळाविषयी तसा पुरावा नाही. इतकेच नव्हे, तर गुगुलिपिडमुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टिआझेम या हृद्रोगातील औषधांची रक्तातील मात्रा घटते, असे आढळले आहे.

म्हणून वैद्यबंधूंना विनंती अशी, की हृद्रोग्याचे स्टॅटिन परस्पर बंद करू नये. चालू औषधांची यादी आवर्जून पाहावी. मेदोरोगात गुग्गुळ अवश्य वापरावा, पण आहारविहारासह. चिकित्सेपूर्वी आणि तीन महिन्यांनी तपासणी करून नोंद ठेवावी. आकडा उतरला नाही तरी ठेवावी.

औषधालयचालकांनी शोधित व अस्सल गुग्गुळाचाच आग्रह धरावा. हा वृक्ष आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. माल दुर्मीळ झाला की भेसळ वाढते. तसेच हृद्रोग बरा करण्याच्या जाहिरातीस 1954 च्या कायद्याने मनाई आहे, याचेही भान असावे.

गुग्गुळाचे माहात्म्य अतिशयोक्तीने वाढणार नाही. आपल्याच रुग्णांच्या प्रामाणिक नोंदींनी ते टिकेल.