दाराच्या फटीतले ग्रहण

१६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी अंकोल्यात खग्रास सूर्यग्रहण झाले तेव्हा मी तिथे हजर होतो, पण आईच्या पोटात. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आलेली. आजीने तिला माजघरात बसवून दारे-खिडक्या लावून घेतल्या. विळी, सुई, कात्री सारे नजरेआड केले. चंद्राची सावली कारवारच्या किनाऱ्यावर चढून रायचूर, हैदराबादच्या बाजूने कोणार्ककडे निघून गेली. वाटेत ठिकठिकाणी शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून बसले होते. आईला मात्र एवढेच कळले की, दाराच्या फटीतून जमिनीवर पडलेली उजेडाची रेघ पुसली गेली, बाहेर कोंबड्या गप्प झाल्या आणि दोन-अडीच मिनिटांनी रेघ परत आली.

ही हकिकत आमच्याकडे गमतीने सांगितली जाते. मला हल्ली तिच्यात गंमत वाटत नाही. अंधश्रद्धेवर कोरडे ओढायला ती सोयीची आहे खरी; परंतु आजीला निदान ग्रहणाचा धाक तरी होता. आज आपण दारे उघडी ठेवतो, पडद्यावर थेट प्रक्षेपण पाहतो आणि ग्रहण पाहिले म्हणून सांगतो. ही फट आजीच्या दाराच्या फटीहून फारशी रुंद नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००९ साली मी काशीला निघालो, तेव्हा स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "अहो, इथूनही बराचसा झाकलेला दिसेलच की!" शंका रास्त वाटते, पण गणित फसवे आहे. सूर्याचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या काही हजार पट असतो. तेवढ्याने आकाश काळवंडत नाही, तारे दिसत नाहीत, आणि ज्याला आता करोना म्हणायचेही नको वाटते ते प्रभामंडळ तर मुळीच दिसत नाही. खंडग्रास आणि खग्रास यांतला फरक टक्क्यांत मोजता येत नाही.

तो २२ जुलैचा दिवस, आषाढ अमावास्या, आपल्याकडची दिव्यांची अवस. पावसाळी ढगांनी बिहारमध्ये तारेगणाला जमलेल्यांची निराशा केली. काशीत आम्हांला पातळ ढगांतून दिसले. सकाळी साडेसहाच्या आत, गंगेपलीकडच्या वाळवंटावर नुकताच वर आलेला सूर्य विझला. घाटावर हजारो लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांच्यातून जो आवाज उठला तो आरतीचाही नव्हता आणि भीतीचाही नव्हता. त्याला काय म्हणावे, हे मराठीचा अध्यापक असूनही मला अद्याप सुचलेले नाही. वर शुक्र लखलखत होता. मी छायाचित्र काढले नाही. तीन मिनिटे संपली तेव्हा शेजारचे अनोळखी गृहस्थ माझा दंड धरून उभे होते, आणि कधी धरला हे दोघांनाही ठाऊक नव्हते. आजीच्या घरात ज्या श्रद्धेने दार लावले, तिनेच इथे लोकांना उघड्यावर आणले होते, हेही नोंदवले पाहिजे.

अशा दोन-तीन मिनिटांसाठी माणसे पूर्वीपासून दूरदूरचा प्रवास करत आली आहेत, आणि कधी ती आपल्याच दारी आली. २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी नॉर्मन लॉकयर इंग्लंडहून विजयदुर्गाला आले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल जेऊरला. (लॉकयर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला, ही आपल्याकडची आवडती दंतकथा. त्या वर्षी ते इंग्लंडातच होते आणि त्यांचे ते वेध ग्रहणाविनाच घेतलेले होते.) जेऊरला खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. ढग आले असते तर सारा खटाटोप वाया! हा धोका पत्करल्यावाचून ग्रहण भेटत नाही.

भारतात पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ला, काश्मीर-लडाखच्या बाजूला. आई तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेली असेल. ती उंची तिला झेपणार नाही. २ ऑगस्ट २०२७ला मात्र इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास आहे, आणि तिथे ऑगस्टात ढग विरळाच. प्राध्यापकाच्या पगाराला हा खर्च जडच. गेल्या महिन्यात तिच्यापुढे विषय काढला. ती म्हणाली, "सहा मिनिटं? मग खुर्ची लागेल रे मला." पासपोर्टचा अर्ज भरताना तिच्या जन्मतारखेचा दाखला मिळेना, तो अंकोल्याहून मागवला आहे.